एका सहीने काय बदलतं आणि काय बदलत नाही: एच-४ परवाना, एक लाख डॉलर आणि अमेरिकेची नोकरशाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझी पत्नी न्यू जर्सीत एच-४ व्हिसावर आहे आणि तिच्याकडे कामाचा परवाना, म्हणजे ईएडी आहे. राष्ट्राध्यक्ष एका सहीने तो रद्द करू शकतात का? करू शकत नसतील, तर एच-१बीचं एक लाख डॉलरचं शुल्क दोन दिवसांत कसं लागू झालं? तिथली नोकरशाही राष्ट्राध्यक्षांचं ऐकते तरी का?"

एच-१बी हा कुशल परदेशी कर्मचाऱ्यांचा कामाचा व्हिसा, आणि एच-४ त्यांच्या जोडीदाराचा व मुलांचा. आधी थेट उत्तर देतो. एच-४चा परवाना एका सहीने रद्द होत नाही. एक लाखाचं शुल्क मात्र एका सहीने लागू झालं. राष्ट्राध्यक्ष तेच, खातं तेच, तरी दोन ठिकाणी दोन निकाल. याचं कारण काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कोणत्या कलमात कोणाच्या हाती काय दिलंय, यात आहे. म्हणून नवा आदेश आला की "राष्ट्राध्यक्षांना हे करता येतं का?" असा मोघम प्रश्न मी विचारत नाही. तीन गोष्टी पाहतो: हा कागद कोणत्या प्रकारचा आहे, तो कोणाला उद्देशून लिहिलाय आणि तो कायद्याच्या कोणत्या कलमावर उभा आहे. तुमच्या प्रश्नाचंही उत्तर या तिन्हींतच आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला अधिनियम, नियम आणि शासन निर्णय यांतला फरक माहीत असतो. अमेरिकेतली उतरंड साधारण तशीच आहे. सगळ्यात वर काँग्रेसचा कायदा. एच-१बीची वर्षाची ६५ हजारांची मर्यादा, अमेरिकी विद्यापीठातून मास्टर्स केलेल्यांसाठीच्या वेगळ्या २० हजार जागा, ग्रीन कार्डासाठी एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, हे सगळं कायद्यात आहे. कुठल्याही राष्ट्राध्यक्षाला यातला एक आकडाही हलवता येत नाही. त्याखाली खात्यांनी केलेले नियम. हे १९४६च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार हरकती-सूचना मागवून केलेले असतात आणि त्यांना कायद्याचंच बळ असतं. सगळ्यात खाली मेमो, मॅन्युअल, परिपत्रकं. ती खात्याला एका दिवसात काढता येतात आणि एका दिवसात मागेही घेता येतात.

अध्यक्षीय आदेश, म्हणजे एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, या उतरंडीत बाजूने येतो. तो बहुतेक वेळा नागरिकाला उद्देशून नसतोच, तो मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना उद्देशून असतो. त्यातली क्रियापदं नीट वाचा: "आढावा घ्यावा", "९० दिवसांत अहवाल द्यावा", "नियम बदलण्याची प्रक्रिया सुरू करावी". शिवाय जवळजवळ प्रत्येक आदेशात कुठेतरी "लागू कायद्याला अनुसरून" किंवा "कायदा मुभा देईल तितपत" असे शब्द असतात. बातमीत ते कधीच येत नाहीत. माझ्या लेखी ते अख्ख्या कागदातले सर्वांत महत्त्वाचे शब्द आहेत, कारण आदेश कुठे थांबतो ते तिथेच कळतं.

एप्रिल २०१७चा "अमेरिकी माल घ्या, अमेरिकी माणूस घ्या" हा आदेश आठवा. एच-१बीची लॉटरी, म्हणजे जागांपेक्षा अर्ज जास्त आले की काढतात ती सोडत, बंद होणार, अशी चर्चा पुण्यापासून न्यू जर्सीतल्या एडिसनपर्यंत झाली. आदेशात प्रत्यक्षात काय होतं? सर्वाधिक कुशल किंवा सर्वाधिक पगाराच्या लोकांना एच-१बी मिळावा यासाठी खात्यांनी सुधारणा सुचवाव्यात, इतकंच. पुढच्या वर्षी लॉटरी होती तशीच झाली. मात्र खालच्या थरावर बरंच काही बदललं. फेब्रुवारी २०१८मध्ये यूएससीआयएसने, म्हणजे होमलँड सिक्युरिटी खात्याच्या व्हिसा-अर्ज तपासणाऱ्या शाखेने, एक मेमो काढला. कर्मचारी तिसऱ्याच कंपनीच्या जागेवर काम करत असेल, तर करार, कामाचं वेळापत्रक असे कागद मागायला सुरुवात झाली आणि नकार झपाट्याने वाढले. कन्सल्टिंग कंपन्यांमधल्या आपल्या अनेक लोकांना याची झळ बसली. मार्च २०२०मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने त्या मेमोतल्या अटी बेकायदा ठरवल्या, कारण त्या नियमाइतक्या जाचक असूनही नियमाच्या प्रक्रियेतून गेलेल्या नव्हत्या. जूनमध्ये खात्याने मेमो मागे घेतला. आदेशाचा परिणाम जिथे दिसेल असं सगळ्यांना वाटतं तिथे तो अनेकदा दिसत नाही. तो अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर दिसतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. एच-४ ईएडी हा होमलँड सिक्युरिटी खात्याचा नियम आहे. मे २०१४मध्ये मसुदा आला, त्यावर जवळपास १३ हजार हरकती-सूचना आल्या, २५ फेब्रुवारी २०१५ला अंतिम नियम फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, छापला गेला आणि २६ मे २०१५पासून तो लागू झाला. ज्यांच्या एच-१बीधारक जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर झालाय, किंवा ज्यांच्या जोडीदाराला एच-१बीची सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळालीय, त्यांनाच हा परवाना मिळतो.

ट्रंप प्रशासनाने पहिल्या कार्यकाळात हा नियम रद्द करायचं उघडपणे ठरवलं होतं. २०१७च्या अखेरीस नियमांच्या अर्धवार्षिक यादीत ते जाहीर झालं. फेब्रुवारी २०१९मध्ये रद्द करण्याचा मसुदा व्हाइट हाउसच्या अखत्यारीतल्या ओआयआरए या तपासणी कचेरीकडे गेला. तिथून तो कधीच बाहेर आला नाही. जानेवारी २०२१मध्ये नव्या सरकारने तो मागे घेतला. राष्ट्राध्यक्षांची इच्छा होती, मंत्री त्यांचे होते, तपासणारी कचेरीही त्यांचीच होती, तरी चार वर्षांत मसुदा छापून आला नाही. तिकडे सेव्ह जॉब्ज यूएसए या संघटनेने २०१५पासून कोर्टात लढा दिला. ऑगस्ट २०२४मध्ये अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला आणि ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

मसुदा असा का अडकतो हे कळण्यासाठी प्रक्रिया पायरी-पायरीने पाहायला हवी. केलेला नियम रद्द करणं हाही नवा नियमच असतो. खात्याला आधी मसुदा लिहावा लागतो. त्यासोबत आर्थिक परिणामांचा हिशोब द्यावा लागतो. २०१५च्या नियमात खात्याने स्वतःच लिहून ठेवलंय की पहिल्या वर्षी १,७९,६०० आणि नंतर दरवर्षी ५५ हजार लोक पात्र होऊ शकतात. ते आकडे आता तेच खातं झटकू शकत नाही, त्यांचं उत्तर द्यावं लागतं. मग ओआयआरएची तपासणी. १९९३च्या आदेशानुसार तिला सर्वसाधारणपणे ९० दिवस असतात, पण मुदत वाढवता येते. मग मसुदा छापून हरकती मागवायच्या, ३० किंवा ६० दिवस. आलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या मुद्द्याला अंतिम नियमाच्या प्रस्तावनेत उत्तर द्यायचं. पुन्हा ओआयआरए. छापल्यावर किमान ३० दिवसांनी, आणि मोठा आर्थिक परिणाम असेल तर ६० दिवसांनी नियम लागू. खात्याने रेटलं तर हे सगळं काही महिन्यांत होतं, नाहीतर दोन वर्षंही जातात. यातला फार मोठा भाग लोकांना कधी दिसतच नाही, कारण तो छपाईच्या आधी घडतो.

यात सगळ्यात जास्त वेळ कारण लिहायला लागतो. १९८३च्या स्टेट फार्म खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नियम रद्द करतानाही खात्याने समोरच्या पुराव्यांवरून पटणारं कारण दिलं पाहिजे. "सरकार बदललं" एवढं कारण पुरत नाही. लहानपणी अमेरिकेत आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या लोकांना तिथे राहून काम करू देणारी डाका योजना रद्द करण्याचा निर्णय जून २०२०मध्ये याच धर्तीवर ५ विरुद्ध ४ मतांनी कोसळला. योजना बंद करण्याचा अधिकार खात्याला नाही, असं कोर्ट म्हणालंच नाही. ज्या लोकांनी त्या योजनेवर विसंबून नोकऱ्या धरल्या, शिक्षण घेतलं, त्यांचा विचार खात्याने केला नाही, हा दोष होता. तुमच्या पत्नीच्या बाबतीत हा मुद्दा वजनदार आहे: दहा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या नियमावर विसंबून कुटुंबांनी घराची कर्जं काढलीत.

आडवाटा आहेत का? आहेत. "रास्त कारण" दाखवून खातं हरकती न मागवता नियम लगेच लागू करू शकतं. ही वाट घसरडी आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये कामगार खात्याने एच-१बीसाठीची किमान वेतनश्रेणी अशीच वाढवली, कोविडचं कारण देऊन, छापल्या दिवसापासून लागू. १ डिसेंबरला कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने तो नियम रद्द केला. महासाथ मार्चपासून होती, मग ऑक्टोबरपर्यंत वाट पाहिलेल्या खात्याला आणखी ३० दिवस का थांबता आलं नाही, हा साधा प्रश्न निर्णायक ठरला. तरीही हा मार्ग वापरला जातोच. त्याचा तुमच्याशी थेट संबंध आहे, त्यावर शेवटी येतो.

मग एक लाख डॉलर? शुक्रवारी, १९ सप्टेंबर २०२५ला सही झालेला कागद एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नव्हता, ती उद्घोषणा होती. ती १९५२च्या इमिग्रेशन कायद्यातल्या कलम २१२(एफ)वर उभी आहे. कोणत्याही परदेशी व्यक्तीचा किंवा गटाचा प्रवेश देशहिताला बाधक वाटला, तर राष्ट्राध्यक्ष तो थांबवू शकतात किंवा त्यावर निर्बंध घालू शकतात, असं ते कलम म्हणतं. इथे काँग्रेसने अधिकार मंत्र्याला दिलेला नाही, थेट राष्ट्राध्यक्षांना दिलाय. आणि १९९२च्या एका निकालानुसार राष्ट्राध्यक्ष हे प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याच्या अर्थाने "एजन्सी" नाहीत, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कृतीला हरकती-सूचनांची अट लागत नाही. वेग येतो तो इथून. "शुल्क" असं सगळे म्हणत असले तरी कागदात ती प्रवेशावरची अट आहे: अर्जासोबत एक लाख डॉलर नसतील तर प्रवेश नाही.

त्याच उद्घोषणेचं कलम ४ वाचलंत तर सगळा फरक एका कागदावर दिसेल. तिथे वेतनश्रेणी बदलायची आहे आणि जास्त पगाराच्या अर्जांना प्राधान्य द्यायचं आहे. पण तिथे राष्ट्राध्यक्ष स्वतः काही बदलत नाहीत, खात्यांना "नियम करण्याची प्रक्रिया सुरू करा" असं सांगतात, कारण तो अधिकार नियमाचा आहे. लॉटरीचा मसुदा २४ सप्टेंबरला छापला गेला, हरकतींसाठी ३० दिवस दिले, डिसेंबरअखेर अंतिम नियम आला आणि लागू होण्याची तारीख २७ फेब्रुवारी २०२६ ठरली. चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या, वेतनस्तराच्या अर्जाला सोडतीत चार संधी, पहिल्या स्तराला एक. एकाच सहीतून निघालेल्या दोन गोष्टी: पहिली दोन दिवसांत लागू, दुसरी पाच महिन्यांनी. खात्याने कंबर कसली तर पूर्ण प्रक्रियाही पाच महिन्यांत उरकते, हेही यातून लक्षात ठेवा. एच-४ला चार वर्षांत काही झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही, असं समजणं धोक्याचं आहे.

त्या शनिवार-रविवारी जो गोंधळ झाला, तो टाळता येण्यासारखा होता. अंमल अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार शनिवारी मध्यरात्रीनंतर १२ वाजून १ मिनिटाला, म्हणजे भारतात रविवारी सकाळी ९:३१ला सुरू होणार होता. वाणिज्यमंत्र्यांनी शुल्क दरवर्षीचं असल्याचं सांगितलं. कंपन्यांनी परदेशात असलेल्या कर्मचाऱ्यांना तातडीने परत बोलावलं, सुट्टीवर आलेल्या लोकांनी मिळेल त्या भावाला तिकिटं काढली. शनिवारी यूएससीआयएसचा मेमो आला: अजून दाखल न झालेल्या नव्या अर्जांनाच हे लागू, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. रक्कम एकदाच भरायची, असं व्हाइट हाउसनेही स्पष्ट केलं. २० ऑक्टोबरच्या सूचनांमध्ये आणखी खुलासा झाला की देशातल्या देशात स्टेटस बदलणाऱ्या किंवा मुदतवाढ मागणाऱ्या अर्जांना, ते मंजूर झाले तर, हे शुल्क नाही. या वेळी सहीच्या दुसऱ्याच दिवशी खात्याचा पहिला मेमो आला. शक्य असेल तर अशा मेमोची वाट पाहावी. पण ज्याच्या परतीच्या प्रवासाला एकच दिवस उरलाय, त्याला हा सल्ला उपयोगी नाही. त्याने परत निघावं हेच बरोबर, कारण चुकलं तर नुकसान तिकिटापेक्षा मोठं असतं.

या शुल्काविरुद्ध खटले चालू झाले. काँग्रेसने अर्जाची शुल्कं कायद्यात ठरवून दिली असताना राष्ट्राध्यक्ष नवी रक्कम कशी लावू शकतात, हा मुख्य आक्षेप. डिसेंबर २०२५मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायाधीशांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. उद्घोषणेची मुदत १२ महिन्यांची आहे, वाढवली नाही तर ती सप्टेंबर २०२६मध्ये संपते.

या आक्षेपामागे १९५२चा एक खटला आहे. पोलाद कामगारांचा संप टाळण्यासाठी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी वाणिज्यमंत्री सॉयर यांना गिरण्या ताब्यात घ्यायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते रद्द केलं. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी तेव्हा लिहिलेली तीन पातळ्यांची मांडणी आजही प्रत्येक वकील वापरतो: काँग्रेसने अधिकार दिलाय तिथे राष्ट्राध्यक्ष सर्वांत बळकट, काँग्रेस गप्प आहे तिथे धूसर, आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध जातील तिथे सर्वांत दुबळे. एच-१बी शुल्काचा वाद म्हणजे ते पहिल्या पातळीवर बसतं की तिसऱ्या, हाच आहे.

आता नोकरशाही ऐकते का, याबद्दल. बाहेरून असं दिसतं की राष्ट्राध्यक्ष ढकलतात आणि अधिकारी अडवतात. मला हे चित्र अपुरं वाटतं. काही, बहुतांश मुस्लिमबहुल, देशांच्या नागरिकांवरच्या २०१७च्या प्रवासबंदीच्या तीन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहा. २७ जानेवारीची पहिली आवृत्ती खात्यांना जेमतेम विचारून निघाली. ग्रीन कार्डवाल्यांना ती लागू आहे का, हेही विमानतळावरच्या अधिकाऱ्यांना माहीत नव्हतं. आठवड्याभरात न्यायालयाने ती थांबवली. मार्चची दुसरीही अडकली. सप्टेंबरची तिसरी मात्र सुरक्षा खात्याने देशोदेशींच्या कागदपत्र-व्यवस्थेचा अनेक महिने आढावा घेतल्यानंतर निघाली, आणि जून २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती उचलून धरली. निकालात त्या आढाव्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. राष्ट्राध्यक्षांची इच्छा कोर्टात टिकवायची तर तिच्याखाली अधिकाऱ्यांनी केलेलं काम लागतं. "इतक्या घाईत हे टिकणार नाही" असं सांगणारा अधिकारी अनेकदा आदेशाचंच रक्षण करत असतो.

अर्थात अधिकाऱ्यांवर राष्ट्राध्यक्षांची पकड किती, हे स्थिर नाही. २० लाखांहून अधिक नागरी कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ४ हजार पदंच राजकीय नेमणुकीची, आणि त्यातल्या साधारण १,३०० पदांना सिनेटची मंजुरी लागते. बाकीच्यांना १८८३च्या पेंडलटन कायद्यापासून चालत आलेलं संरक्षण आहे. तो कायदा आला तोच मुळी नोकरी न मिळालेल्या एका इच्छुकाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांची हत्या केल्यानंतर. ऑक्टोबर २०२०च्या "शेड्यूल एफ" आदेशाने धोरण ठरवणाऱ्या पदांचं हे संरक्षण काढायचा प्रयत्न झाला, २०२१मध्ये तो मागे घेतला गेला आणि २० जानेवारी २०२५ला पुन्हा आणला गेला. स्वायत्त आयोगांच्या सदस्यांना विनाकारण काढता येत नाही, हा १९३५चा निकालही २०२५मध्ये वादात सापडला. पण व्हिसाच्या बाबतीत हा वाद फारसा लागू पडत नाही, कारण होमलँड सिक्युरिटी खातं स्वायत्त नाही. तिथला मंत्री राष्ट्राध्यक्ष कधीही बदलू शकतात. तरी मंत्री बदलून नियम बदलत नाही.

तेव्हा तुमच्या घरापुरतं काय करायचं? बातमी आली की व्हाइट हाउसच्या किंवा फेडरल रजिस्टरच्या संकेतस्थळावर मूळ कागद काढा. आधी शेवटची कलमं वाचा: लागू होण्याची तारीख, मुदत, अपवाद. मग क्रियापदं. त्यानंतर यूएससीआयएसचा मेमो शोधा. एच-४ रद्द करण्याची हालचाल सुरू झालीच, तर ती बहुधा आधी नियमांच्या अर्धवार्षिक यादीत आणि मग ओआयआरएच्या चालू प्रकरणांच्या यादीत दिसेल. दोन्ही याद्या रेगइन्फो डॉट गव्ह या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. मसुदा छापला गेला तर हरकत जरूर नोंदवा, आणि छापील नमुना चिकटवू नका. पत्नीचं काम, भरलेला कर, कर्ज, मुलांची शाळा असे तपशील स्वतःच्या शब्दांत लिहा. खात्याला अशा मजकुराला उत्तर देणं भाग पडतं. हजार सारख्या पत्रांना मात्र एकच उत्तर पुरतं.

पण माझ्या मते आज तुमच्यासमोरचा जवळचा धोका वेगळाच आहे, आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलंय. ईएडीच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला, तर जुना परवाना ५४० दिवसांपर्यंत आपोआप चालू राहायचा. एच-४वाल्यांसाठी अर्थात आय-९४च्या, म्हणजे देशात राहण्याची मुदत दाखवणाऱ्या नोंदीच्या, तारखेपर्यंतच. ३० ऑक्टोबर २०२५ला खात्याने आधी हरकती न मागवता, त्याच दिवसापासून लागू होणारा अंतरिम नियम काढून ही सोय बंद केली. त्या दिवशी किंवा नंतर केलेल्या अर्जांना आपोआप वाढ नाही. म्हणजे एच-४चा अधिकार शाबूत आहे, पण नवं कार्ड हातात येण्याआधी जुन्याची तारीख उलटली तर पत्नीला काम थांबवावं लागेल. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून करता येतो. तुमच्या एच-१बीच्या मुदतवाढीची, तिच्या एच-४ची आणि ईएडीची तारीख एका कागदावर मांडा. कंपनीच्या वकिलाला तिन्ही अर्ज एकत्र आणि लवकरात लवकर दाखल करायला सांगा. एच-१बीसाठी प्रीमियम प्रोसेसिंग, म्हणजे जादा शुल्क भरून जलद निकालाची सोय, घेतलं, तरी एच-४ आणि ईएडीला तोच वेग मिळेल असं गृहीत धरू नका.